रत्नागिरीच्या परसात मटार लावायचा तर कोणती जात घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घर रत्नागिरीत समुद्राजवळ आहे, नवरात्रात मटार पेरला, वेल कमरेएवढे झाले, पण फुलं गळली आणि धरलेल्या शेंगांत दाणे एक-दोनच निघाले. बियाणं खराब होतं का आणि यंदा कुठली जात घ्यावी, हे तुम्हाला हवंय.

बियाणं खराब असतं तर वेल इतके वाढलेच नसते. चुकली ती तारीख, आणि बहुधा जात उशिराची होती. मटाराच्या फुलोऱ्यात दिवसाचं तापमान 30 अंशांच्या वर राहिलं की फुलं गळतात, शेंग धरली तरी दाणे भरत नाहीत. मधमाश्या कमी म्हणून असं झालं असेल ही शंका काढून टाका. मटाराचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन होऊन गेलेलं असतं.

किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीतही दुपार 31-32 अंशांपर्यंत जाते. म्हणजे आपल्याकडे मटार कसाबसाच पिकतो. म्हणून मी गोडीपेक्षा आधी एकच गोष्ट बघेन: फुलोरा किती दिवसांत येतो. अर्केल ही जात 35-40 दिवसांत फुलते, 55-60 दिवसांत पहिला तोडा देते आणि दीड-दोन फुटांच्या वर जात नाही. ती 15 ते 25 नोव्हेंबरच्या दरम्यान पेरली की फुलोरा नेमका डिसेंबरअखेरीस, सगळ्यात थंड पंधरवड्यात येतो. बोनव्हिल चवीला छान, पण तिला ऐंशी-पंच्याऐंशी दिवस लागतात. तिचे दाणे भरेपर्यंत फेब्रुवारीचं ऊन चढलेलं असतं. देवरूख-साखरप्याकडे, घाटाच्या पायथ्याला रात्री जास्त गार असतात, तिथे ती करून बघायला हरकत नाही. सालासकट खायच्या चपट्या शेंगांचा स्नो पी मिळाला तर तोही लावा. त्यात दाणे भरायची वाटच बघायची नसते, पाकळ्या गळल्यावर आठवडाभरात शेंग खुडता येते.

किराणा दुकानातला पांढरा वाटाणा पेरू नका. तो उगवेल, पण भाजीच्या मटाराची गोडी त्याला नाही. अर्केलचा वाळलेला दाणा सुरकुतलेला असतो, किराण्यातला गोल गुळगुळीत. पाकीट फोडलं की एवढं आधी बघा. सुरकुतलेला दाणा ओल्या, गरम मातीत चटकन कुजतो. म्हणून फक्त 6-8 तास भिजवा, अडीच-तीन सेंटिमीटर खोल टाका, पाणी देऊन वर पेंढा पसरा आणि उगवेपर्यंत वाफा नुसता दमट ठेवा. कोंब दिसले की पेंढा बाजूला करून दोन ओळींच्या मध्ये सरकवा, माती दुपारी तापत नाही.

जांभ्याची माती आंबट असते आणि मटाराला ते मानवत नाही. पेरणीच्या 3 आठवडे आधी चौरस मीटरला 150-200 ग्रॅम शेतीचा चुना मिसळा. चांगलं कुजलेलं शेणखत चौरस मीटरला दोन-तीन किलो पुरतं, पण ते चुन्याबरोबर एकाच दिवशी घालू नका. युरिया तर नकोच, पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात. त्याऐवजी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून मटाराचं रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवा. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा कृषी सेवा केंद्रात विचारा. चवळीचं किंवा सोयाबीनचं चालत नाही. महिन्याने एक रोप मुळासकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाहीये.

दोन ओळींत फुटाचं अंतर, दोन रोपांत 6-7 सेंटिमीटर. 20 लिटरच्या पिशवीत सात-आठ रोपं पुरे. जागा अशी निवडा की सकाळपासून बारापर्यंत ऊन आणि दुपारी घराची सावली. माडाखाली नुसती उंची वाढते. आधाराला डहाळ्या किंवा मासेमारीचं जुनं जाळं, आणि माकडांची वर्दळ असेल तर दुसरं जाळं वरून. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पानांच्या कडा करपतात, तेव्हा गोड पाणीच द्या, सकाळी आणि बुडाशी. फुलोऱ्यात पाण्याची एक पाळी चुकली तरी फुलं गळतात.

जानेवारीअखेर पानांवर पिठासारखी भुरी येते. पहिला ठिपका दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी थंड वेळेत फवारा; तापत्या उन्हात त्याने पानंच भाजतात. अळीने भोक पाडलेल्या शेंगा काढून टाका.

थंड भागात चौरस मीटरला पाऊण-एक किलो शेंगा मिळतात, तुम्ही त्याच्या निम्म्या धरा. हमखास शेंगा हव्या असतील तर अर्ध्या वाफ्यात कडवे वाल टाका, आपल्या मातीत ते मटारापेक्षा कितीतरी चिवट. मटाराच्या शेंगा दाणे भरले पण साल अजून तुकतुकीत हिरवी असतानाच सकाळी तोडा आणि त्याच दिवशी रांधा, कारण तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचं पिष्ट होऊन तो पिठूळ व्हायला लागतो. पीक संपलं की रोपं जमिनीलगत कापा, मुळं तशीच राहू द्या आणि तिथे लाल माठाचं बी फेका. पुढच्या वर्षी मटार मात्र दुसऱ्या वाफ्यात, नाहीतर मर (रोपं सुकवणारा मातीतला बुरशीरोग) लागते.