क्रीडा-शंका: मासळीचा कारखाना ते पिवळी जर्सी, मधलं काय?

प्रश्न: माझा सतरा वर्षांचा मुलगा सायकलवेडा आहे. त्याने मला योनास विंगेगार्डचा एक व्हिडिओ दाखवला. डेन्मार्कचा हा मुलगा मासळीच्या कारखान्यात काम करायचा आणि तिथून उठून थेट टूर द फ्रान्स जिंकला म्हणे! हे खरं का? आणि त्या देशात डोंगरच नाहीत असं ऐकते, मग हा घाट चढायला शिकला कुठे?
– एक आई

उत्तर: ताई, कारखाना खरा. ‘थेट’ मात्र साफ खोटं.

विंगेगार्डचा जन्म डिसेंबर १९९६चा, गाव हिलर्सलेव्ह, डेन्मार्कच्या युटलंड द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाला. तिथून जवळच हान्स्टहोल्म हे मासेमारीचं मोठं बंदर आहे. तिथे तो सकाळी मासळी साफ करायचा, बर्फात भरायचा आणि मग सायकल काढायचा. पण त्या काळात तो कोलोक्विक या छोट्या डॅनिश संघाकडून शर्यती मारतच होता. एवढ्या छोट्या संघाच्या जिवावर पोट भरत नाही, म्हणून नोकरी. व्हिडिओवाल्यांनी संघ कापला आणि मासळी तेवढी ठेवली.

डोंगरांचं म्हणाल, तर डेन्मार्कमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा १७१ मीटरचीसुद्धा नाही. आल्प्समधला कोल द्यू ग्रानों हा एकटा घाट अकरा किलोमीटरमध्ये त्याच्या सहापट उंची चढवतो. मग? चढावर हिशेब असतो तो वजनामागे किती ताकद आणि ती किती वेळ टिकते याचा. विंगेगार्ड साठेक किलोचा, काटकुळा. आणि त्या किनाऱ्यावर वारा असा की पायडल मारणं सोडलं की सायकल जागच्या जागी थांबते. हे माझं मत, पण समोरच्या वाऱ्यात तासन्‌तास दम टिकवणारा माणूस घाटाला निम्मा तयार झालेला असतो. उरलेलं परदेशी सरावात. २०१८मध्ये स्पेनमधल्या कोल दे रातेस या चढावर त्याने सरावातच विक्रमी वेळ नोंदवली आणि मोठ्या संघांचे कान टवकारले. २०१९मध्ये नेदरलँड्सच्या युम्बो-विस्मा संघाने त्याला घेतलं.

आता मुलाला मुद्दाम सांगा असा भाग. या शर्यती रोज एक टप्पा अशा चालतात; सगळ्या टप्प्यांची मिळून वेळ ज्याची सर्वांत कमी, त्याच्या अंगावर आघाडीवीराची जर्सी. टूरमध्ये ती पिवळी. त्याच वर्षी पोलंडच्या शर्यतीत या पोराने सहावा टप्पा जिंकला, आघाडीवीराची जर्सी अंगावर आली आणि दुसऱ्याच दिवशी ती गेली. पायात ताकद होती, दडपण झेपत नव्हतं. २०२१च्या टूरला तो गेला तोही संघाचा म्होरक्या प्रिमोझ रोग्लिच याचा मदतनीस म्हणून. रोग्लिच पडून शर्यतीबाहेर गेला, तेव्हा कुठे याला मोकळीक मिळाली. मों व्हांतूच्या चढावर त्याने आधीच्या वर्षीचा विजेता तादेय पोगाचार यालाही मागे टाकलं. पोगाचारने उतारावर त्याला गाठलं खरं, पण पॅरिसला, म्हणजे शर्यतीच्या शेवटी, विंगेगार्ड दुसरा आला.

२०२२चा पाचवा टप्पा मिळाला तर मुलाबरोबर बघाच. दगडी फरसबंदीचे रस्ते, धुरळा, आणि ऐन वेळी विंगेगार्डची सायकल बिघडली. घाईत हाती आली ती एका ताडमाड सहकाऱ्याची. सीटवर धड बसता येईना! पुन्हा सायकल बदलली. तोवर पुढचे लांब गेलेले. मग त्याच्याच संघातला वाउट वान आर्ट मागे थांबला आणि वारा अंगावर घेत त्याला पुढे ओढत नेऊ लागला. त्या दिवशी पिवळी जर्सी खुद्द वान आर्टच्या अंगावर होती, बरं का. अंतिम रेषेवर विंगेगार्ड पोगाचारच्या फक्त १३ सेकंद मागे राहिला. सहा टप्प्यांनंतर त्याच ग्रानोंवर विंगेगार्डने पोगाचारला २ मिनिटं ५१ सेकंदांनी मागे टाकलं आणि पिवळी जर्सी घेतली, ती पॅरिसपर्यंत.

२०२३मध्ये त्याने टूर पुन्हा जिंकली. कोंब्लूच्या २२.४ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लढायचा टप्पा) पोगाचार दुसरा, तोही १ मिनिट ३८ सेकंद मागे. इतक्या छोट्या अंतरात एवढा फरक म्हणजे कहर. एप्रिल २०२४मध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत तो भयंकर पडला. गळ्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. तरी जुलैमध्ये टूरमध्ये दुसरा. २०२५मध्ये स्पेनची वुएल्ता ही टूरसारखीच मोठी शर्यत जिंकली, पण निदर्शनांमुळे माद्रिदचा शेवटचा टप्पा अर्ध्यावर सोडावा लागला आणि बक्षीस समारंभ झाला पार्किंगमध्ये, बर्फाच्या पेट्यांवर उभं राहून. मासळी पॅक करणाऱ्याला बर्फाच्या पेट्यांचं काय अप्रूप!

प्रश्न: विंगेगार्डला टूर जिंकणारा ‘दुसरा’ डॅनिश म्हणतात. पहिला कोण? त्याचं नाव कुणी घेत का नाही?

उत्तर: ब्यार्ने रीस, १९९६. आयुष्याची कितीतरी वर्षं लोराँ फिन्योंसारख्या बड्या सायकलपटूंचा मदतनीस म्हणून घालवलेला हा माणूस वयाच्या बत्तिसाव्या वर्षी जिंकला. पिरेनीज पर्वतातल्या ओताकामच्या चढावर तो मुद्दाम हळू झाला, प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे एकेक करून न्याहाळले आणि मग असा सुटला की सगळे बघत राहिले. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मे २००७मध्ये त्याने ईपीओ हे बंदी असलेलं औषध घेत होतो अशी कबुली दिली. जर्सी घरी खोक्यात पडली आहे, हवी तर घेऊन जा, असंही म्हणाला. आयोजकांनी काही काळ त्याचं नाव यादीतून काढलं, मग कबुलीची नोंद करून परत घातलं. म्हणून विंगेगार्ड दुसरा.

२०२२ला विंगेगार्ड त्याच ओताकामवर जिंकला, तेव्हा संशयाचे प्रश्न येणारच होते. पुढच्या वर्षी, कोंब्लूनंतर, तर धडाधड आले. स्वतःच्या मुलीला देणार नाही असं काहीही मी घेत नाही, असं त्याचं उत्तर होतं. प्रश्न विचारणाऱ्यांवर तो चिडला नाही. एवढा इतिहास पाहता लोकांनी शंका घेणं रास्तच आहे, असं तो स्वतःच म्हणतो.