वाचकांचे प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू का?

प्रश्न: माझा लॅपटॉप २०१६ चा आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ टाकायला गेलो तर हा कॉम्प्युटर चालणार नाही असा मेसेज येतो. लॅपटॉप ठणठणीत आहे, टाकून द्यायचं जिवावर येतं. भाचा म्हणतो मामा लिनक्स टाका, फुकट आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नेट, मेल, थोडं टायपिंग आणि वीस वर्षांचे फोटो, एवढंच माझं. टाकू का आणि कुठलं टाकू?

उत्तर: टाका, पण आज नको. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम. आधी ते वीस वर्षांचे फोटो. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं कॉपी करा आणि मग ती डिस्क दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावून चार फोल्डर उघडून बघा, कारण कॉपी झाली असं वाटणं वेगळं आणि फोटो खरंच उघडणं वेगळं. मी पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा इन्स्टॉल करताना डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला, मला वाटलं सी ड्राइव्ह पुसला जाईल, फोटो तर डी मध्ये आहेत. सी आणि डी हे बऱ्याचदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात हे मला माहीतच नव्हतं. सगळं गेलं, त्यात परत कधीच मिळणार नाहीत असे फोटो होते. अजून लागतं ते मनाला, म्हणून ही एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

आता तुमच्या लॅपटॉपबद्दल. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) हवं असतं आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, आणि ती पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे तुमचा लॅपटॉप यादीत बसला नाही इतकंच, तो कामातून गेला असं अजिबात नाही. नेट आणि मेलला सहज पुरणारी चांगली मशीन भंगारात जाणं मला फार चुकीचं वाटतं.

कुठलं टाकू म्हणाल तर लिनक्स मिंट. लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तुम्ही त्यात पडू नका. मिंट हे उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाला चाचपडावं लागत नाही. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर मिंटचं सिनॅमन हे रूप घ्या, कमी असेल तर एक्सएफसीई हे हलकं रूप. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे इन्स्टॉल न करता बघता येतं. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टीम असलेली एकच फाइल) उतरवायची, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने लिहायची (पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, रिकामाच घ्या), लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एस्केप किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. मिंट समोर उघडतं आणि तुम्ही स्वतः इन्स्टॉलवर क्लिक करत नाही तोवर आतल्या डिस्कला हात लागत नाही. दोन-तीन दिवस असंच वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून परत उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे बघा. थोडं संथ वाटेल, ते पेनड्राइव्हमुळे, त्यावरून मत बनवू नका. वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका, काही चिप्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा छोटा प्रोग्राम, वेगळा टाकावा लागतो, तेवढ्यापुरतं मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, मोबाइलचं नेट लॅपटॉपवर येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून काय सुचवतंय ते टाका.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर तेही होतं. मात्र विंडोजमधून आधी फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होता पटकन सुरू होण्याची सोय) बंद करा, डिस्कवरची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर आपल्याच फाइलींच्या दारात आपण उभे आणि किल्ली नाही अशी वेळ येते. तुमचं काम बघता मला दोन्ही ठेवायची गरज वाटत नाही. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर त्याऐवजी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा, सिस्टीम बदलण्यापेक्षाही त्याने जास्त फरक पडतो.

प्रश्न: मी एका संस्थेच्या नोटिसा आणि इतिवृत्तं मराठीत टाइप करते. लिनक्सवर मराठी टायपिंग होतं का? वर्डच्या जुन्या फाइली उघडतील का?

उत्तर: टायपिंग अगदी छान होतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम टाकून त्यात मराठी फोनेटिक निवडा. दोन्ही युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरं.

फाइलींचं मात्र तुम्हाला आत्ताच बघावं लागेल. युनिकोडमधल्या वर्ड फाइली लिब्रेऑफिस या लिनक्सवरच्या ऑफिस प्रोग्राममध्ये उघडतात, मजकूर शाबूत असतो, पण मांडणी थोडी हलू शकते, आणि बऱ्याचदा त्याला कारण असतं फॉन्ट. वर्डमधला कॅलिब्री फॉन्ट लिनक्सवर येत नाही, त्याच्या जागी कार्लिटो वापरला जातो, त्याची अक्षरं तेवढ्याच रुंदीची असल्यामुळे ओळी बहुतेक जागेवर राहतात. मराठी फॉन्ट बदलला तर तसं होत नाही, एका पानाची नोटीस दोन पानांवर जाते. म्हणून बाहेर पाठवताना पीडीएफ करूनच पाठवत जा.

खरी अडचण आहे ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फाइलींची. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो, फॉन्ट नसला की सगळं अगम्य दिसतं. तो फॉन्ट लिनक्सवर टाकला की वाचता येतं, पण त्यात नवीन टाइप करायचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतंच असतं. तेव्हा विंडोज अजून हाताशी आहे तोवर त्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या आणि एकेक वाचून तपासा, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. इतिवृत्तं म्हणजे संस्थेची आठवण असते, ती एका फॉन्टच्या जिवावर सोडून देऊ नका. तुम्ही लिनक्स टाका न टाका, हे काम कराच.

प्रश्न: फुकट आहे म्हणजे मागे कोणी जबाबदार नाही ना? आणि कोड सगळ्यांना दिसतो तर चोरालाही दिसतो की!

उत्तर: चोराला दिसतो हे खरंय. पण आधी फुकट या शब्दाबद्दल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तो पैसे वाचवायला नाही, प्रोग्राम वापरणाऱ्याला तो वाचता, बदलता आणि दुसऱ्याला देता आला पाहिजे म्हणून. म्हणून मी मुक्त म्हणतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेल्या लिनक्स कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यावर, आज काम करणारे बरेचसे लोक मोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आहेत.

आता चोराचं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा प्रोग्राममध्ये मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, ते खोदत गेले आणि चोरवाट उघडी पडली. मिंट आणि उबुंटूच्या नेहमीच्या आवृत्त्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती. यातून दोन्ही दिसतं, मुक्त सॉफ्टवेअरमध्येही घुसखोरी होऊ शकते, आणि कोड उघडा असल्यामुळे शंका आलेला माणूस थेट मुळापर्यंत जाऊ शकतो. तुम्ही घरी एवढं करा, प्रोग्राम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, अपडेट आले की टाका, आणि नेटवरची कुठलीही कमांड समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पेस्ट करू नका. मेलमधून येणारी फसवी लिंक मात्र कुठल्याही सिस्टीमवर तितकीच घातक.

प्रश्न: प्रिंटर आणि मुलाचे गेम चालतील का?

उत्तर: नेटवर्कवर चालणारे अलीकडचे प्रिंटर बहुतेक आपोआप दिसतात, जुना यूएसबीवाला असेल तर पेनड्राइव्हवरून चालवून बघतानाच एक पान छापून बघा, स्कॅनरही तेव्हाच तपासा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले विंडोजचे बरेच गेम प्रोटॉन या त्याच्याच सोयीमुळे लिनक्सवर चालतात, पण अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्राम) असलेले काही ऑनलाइन गेम मुद्दाम लिनक्सवर बंद ठेवलेले असतात. मुलगा रोज कुठला गेम खेळतो ते त्यालाच विचारा आणि तो चालत नसेल तर विंडोज काढू नका.