शेअर स्वस्तात मिळाले, लाभांश मात्र घटला: नॅशनल ग्रिडच्या भागधारकांचे प्रश्न

ब्रिटनमधल्या वाचकांच्या पत्रांत एक कंपनी पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे नॅशनल ग्रिड. इंग्लंड-वेल्सच्या उच्चदाब वीजवाहिन्या तिच्या मालकीच्या आहेत आणि अमेरिकेत न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्समध्येही तिचा मोठा व्यवसाय आहे. निवृत्तांच्या खात्यात आणि पेन्शन फंडांत हा शेअर वर्षानुवर्षे असतो, कारण लाभांश नियमित मिळतो. 23 मे 2024 च्या सकाळी या कंपनीने सुमारे 7 अब्ज पौंडांचा राइट्स इश्यू, म्हणजे असलेल्या भागधारकांनाच सवलतीत नवे शेअर देऊन पैसे उभारणे, जाहीर केला. हातातल्या दर 24 शेअरमागे 7 नवे शेअर, भाव 645 पेन्स. त्याच दिवशी, यापुढे प्रति शेअर लाभांश कमी असेल, हेही सांगितले. आदल्या संध्याकाळी ऋषी सुनक यांनी निवडणूक जाहीर केली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांत ही बातमी थोडी मागे पडली. भागधारकांच्या घरी तसे झाले नाही. जानेवारी 2025 मध्ये पेनॉन या पाणीपुरवठा कंपनीने दर 20 शेअरमागे 13 या प्रमाणात 264 पेन्सने राइट्स इश्यू आणला आणि जुने प्रश्न नव्याने आले. त्यांतल्या काहींना इथे उत्तरे देतो.

आदल्या दिवशी भाव 1,127.5 पेन्स होता आणि कंपनी 645 ला शेअर देत होती. एवढे स्वस्त मिळत होते, तर बाजार का कोसळला? आणि स्वस्तात घेऊनही माझ्या खात्यात फायदा का दिसला नाही? (रेडिंगमधील एक वाचक)

सवलतीकडे बघून आनंद किंवा संताप, दोन्ही करू नका. कंपनी तुमचीच आहे. स्वतःच्याच मालमत्तेतला भाग स्वतःला स्वस्तात विकला, तर एका खिशातले दुसऱ्या खिशात जाते.

तुमच्याकडे 240 शेअर होते असे धरू. 1,127.5 पेन्सने त्यांची किंमत 2,706 पौंड. तुम्हाला 70 नवे शेअर घेता येतात, त्यासाठी 451.50 पौंड भरायचे. दोन्ही मिळून 3,157.50. नव्या शेअरना त्या वर्षीचा 39.12 पेन्सचा अंतिम लाभांश मिळणार नव्हता, म्हणून तुमच्या 240 शेअरवरचे सुमारे 94 पौंड बाजूला काढा. उरलेले सुमारे 3,064 पौंड 310 शेअरमध्ये वाटले की भाव येतो सुमारे 988 पेन्स. इश्यूनंतरचा सैद्धांतिक भाव म्हणतात तो हाच. 645 ची सवलत या 988 च्या तुलनेत मोजायची असते, म्हणजे सुमारे 35 टक्के. शेअर 1,127 वरून 988 वर आला, तर त्या गणितात तुमचे एक पेनीही गेलेले नाही.

खरे नुकसान वेगळे आणि तेवढेच नीट बघा. घोषणेच्या दिवशी शेअर अजून नव्या शेअरच्या हक्कासकटच विकला जात होता, तरी भाव सुमारे 11 टक्के पडला. तुमच्या 240 शेअरवर ते जवळजवळ 300 पौंड होतात. गुंतवणूकदारांनी त्या दिवशी कंपनीचे मूल्यच कमी धरले, कारण एवढ्या रकमेची आणि लाभांशातल्या बदलाची अपेक्षा बहुतेकांना नव्हती. सवलत कितीही असती तरी हा भाग टळला नसता.

कंपनीने सांगितले की एकूण लाभांशाची रक्कम तेवढीच राहील, फक्त ती जास्त शेअरमध्ये वाटली जाईल. माझे पती म्हणतात की मग ही कपात नाही. मला ते पटत नाही. कोण बरोबर? (क्रॉयडनहून एक निवृत्त वाचक भगिनी)

तुम्ही बरोबर आहात. तुमच्या यजमानांचे म्हणणेही निराधार नाही, म्हणून हे जरा सविस्तर बघू.

2023-24 चा पूर्ण वर्षाचा लाभांश 58.52 पेन्स होता. त्याला 24 ने गुणून 31 ने भागा, उत्तर येते सुमारे 45.3 पेन्स. कंपनीने नवा पाया म्हणून हाच आकडा ठरवला. म्हणजे 240 शेअरवर तुम्हाला वर्षाला 140 पौंड मिळत होते आणि सगळे नवे शेअर घेतले असतील तर 310 शेअरवर आता पुन्हा 140 पौंडच मिळतात. तुमचे यजमान इथे थांबतात. तुम्ही मात्र मध्ये 451.50 पौंड घातले आहेत, आणि त्यांच्यावर पहिल्या वर्षी जादा लाभांश शून्य. नव्या पैशाला नवे उत्पन्न नाही, ही कपातच आहे.

किती मोठी? प्रति शेअर घट जवळपास 23 टक्के दिसते. पण स्वस्त भावाच्या इश्यूमध्ये थोडा भाग बोनस शेअरसारखा असतो. भाव ज्या प्रमाणात आपोआप खाली येतो, त्या प्रमाणात प्रति शेअर लाभांशही खाली यायला हवा, त्यात कोणाचे काही जात नाही. अंतिम लाभांश वजा केलेला भाव 1,088 धरला, तर तो 988 वर येणे म्हणजे सुमारे 9 टक्के. त्या हिशेबाने 58.52 चे 53 पेन्स झाले असते तर मी त्याला कपात म्हटले नसते. प्रत्यक्षात 45.3 झाले. 53 वरून 45 म्हणजे सुमारे 15 टक्के, आणि खरी कपात तेवढी. 23 हा आकडा भीती वाढवतो, शून्य हा आकडा दिशाभूल करतो.

सर्वांत जास्त फटका बसला तो ज्यांच्याकडे भरायला पैसे नव्हते त्यांना. त्यांनी नवे शेअर घेण्याचे आपले हक्क बाजारात विकले असतील, तर 240 शेअरवरचा लाभांश 140 वरून 109 पौंडांवर आला. एका हक्काचे समजा 250 पेन्स मिळाले, तर 70 हक्कांचे 175 पौंड हातात. ते पाच टक्क्यांनी कुठे गुंतवले तरी वर्षाला नऊ पौंडही होत नाहीत. गेलेले 31 पौंड त्यातून कसे भरून निघणार? संपत्ती कागदावर शाबूत असते, पण महिन्याचा खर्च लाभांशावर चालवणाऱ्या माणसाला कागदी संपत्ती किराणा आणून देत नाही. मोठ्या फंडांच्या विश्लेषकांना हा फरक गौण वाटतो. मला तो गौण वाटत नाही, आणि कंपनीने छोट्या भागधारकाला हे उदाहरणासकट सरळ शब्दांत सांगायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे.

महागाईच्या दराइतकी वाढ देण्याचे धोरण कंपनीने कायम ठेवले, फक्त सुरुवात खालच्या पायरीवरून केली. 2024-25 चा लाभांश 46.72 पेन्स झाला. त्या वेगाने 58.52 पुन्हा दिसायला बरीच वर्षे लागतील.

2010 मध्येही याच कंपनीने इश्यू आणला होता, तेव्हा लाभांशाला हात लावला नव्हता. या वेळी कर्ज काढता आले नसते का? किंवा काही विकून? हा छोट्या भागधारकांवर अन्याय नाही का? (मँचेस्टरहून एक अभियंते)

2010 ची आठवण बरोबर आहे. तेव्हा दर पाच शेअरमागे दोन, 335 पेन्सने, सुमारे 3.2 अब्ज पौंड उभे केले आणि लाभांश वर्षाला 8 टक्के वाढवण्याचे धोरण चालू ठेवले. तेव्हाचे काम मात्र आजच्यापेक्षा लहान होते. या वेळी मार्च 2029 पर्यंतच्या पाच वर्षांत सुमारे 60 अब्ज पौंड गुंतवायचे ठरले, आधीच्या पाच वर्षांच्या जवळपास दुप्पट. उत्तर समुद्रातली पवनऊर्जा दक्षिणेकडच्या शहरांपर्यंत आणायला नव्या वाहिन्या लागतात आणि जुन्या वाहिन्या त्यासाठी बांधलेल्याच नाहीत. अभियंता म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

कर्जाचे म्हणाल, तर मार्च 2024 ला निव्वळ कर्ज 43 अब्ज पौंडांच्या वर होते. नियंत्रित वीजकंपनी कमावते ती नियामकाने मान्य केलेल्या मालमत्तेच्या मूल्यावर. त्या मूल्याच्या एका मर्यादेपर्यंत कर्ज चालते. त्यापुढे पतमानांकन घसरते, व्याज वाढते आणि ऑफजेम हा नियामकही हस्तक्षेप करतो. टेम्स वॉटरचे उदाहरण समोरच आहे. कर्जाच्या डोंगराखाली ती पाणी कंपनी कुठे पोहोचली, हे सगळ्या ब्रिटनने पाहिले. नॅशनल ग्रिडने कर्जावर सगळा भार टाकला असता तर आज वाटणारा आनंद दहा वर्षांनी महागात पडला असता.

विकलेही आहे. ग्रेन येथील एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल आणि अमेरिकेतला नवीकरणीय ऊर्जेचा व्यवसाय, दोन्हींचे विक्रीचे व्यवहार 2025 मध्ये ठरले. दोन्ही मिळून तीन अब्ज पौंडही होत नाहीत, म्हणजे इश्यूच्या निम्म्याहूनही कमी.

अन्यायाबद्दल माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. राइट्स इश्यूत प्रत्येक भागधारकाला, 24 शेअरवाल्यालासुद्धा, आपला वाटा टिकवण्याचा समान अधिकार मिळतो आणि नको असेल तर तो विकून पैसे मिळतात. एसएसई या दुसऱ्या ब्रिटिश वीजकंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये सुमारे 2 अब्ज पौंड उभे केले ते मुख्यतः मोठ्या संस्थांना झटपट शेअर देऊन. त्यात भाव फारसा पडत नाही, कागदपत्रेही कमी. पण छोट्याचा वाटा त्याला न विचारता पातळ होतो. पद्धत म्हणून राइट्स इश्यू मला कितीतरी जास्त न्याय्य वाटतो. माझी तक्रार लाभांशाच्या मांडणीबद्दल आहे.

इश्यू अखेर दहापैकी नऊहून अधिक नव्या शेअरना भागधारकांनीच पैसे भरून यशस्वी केला, आणि 2025 मध्ये भाव पुन्हा 10 पौंडांच्या वर गेला. जे पहिल्या दोन दिवसांत घाबरून विकून मोकळे झाले, त्यांचे मात्र नुकसान झाले.

त्या काळात मी पुण्याला आईकडे होतो. पत्र उघडलेच नाही. नंतर थोडे पैसे आपोआप जमा झाले. ते कसले? आणि त्यावर कर लागतो का? (लेस्टरहून एक वाचक)

10 जून 2024 पर्यंत उत्तर न आलेल्या भागधारकांचे नवे शेअर हमीदार बँकांनी बाजारात विकले. विक्रीच्या भावातून 645 पेन्स आणि खर्च वजा करून उरलेली रक्कम ज्याची त्याला पाठवली. तुमच्या खात्यात आले ते हेच. म्हणजे काहीच न करणाऱ्यालाही ब्रिटनमध्ये साधारणपणे हक्काचे मोल मिळते, फक्त कोणत्या दिवशी आणि कोणत्या भावाने विकायचे हे त्याच्या हातात राहत नाही.

ही रक्कम लाभांश धरली जात नाही, ती भांडवली व्यवहारात मोडते. ती 3,000 पौंडांपर्यंत असेल किंवा तुमच्या त्या शेअरच्या एकूण किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत असेल, तर त्या वर्षी कर मोजण्याऐवजी शेअरच्या मूळ खरेदी किमतीतून ती वजा करता येते. नोंद करून ठेवा, पुढे विकताना लागेल. शेअर आयसामध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यात, असतील तर कराचा प्रश्नच नाही. तिथे अडचण वेगळी असते, नवे शेअर घ्यायला पैसे आयसाच्या आतच असावे लागतात. ज्यांनी त्या वर्षीची 20,000 पौंडांची मर्यादा आधीच वापरली होती आणि खात्यात रोकड ठेवली नव्हती, ते अडकले.

भारतातही असेच संरक्षण आहे का? आमच्याकडे टाटा पॉवरचे शेअर वडिलांच्या काळापासून आहेत. (ठाण्याहून एक वाचक)

नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मी मुद्दाम घेतला. टाटा पॉवरने 2014 मध्ये दर 50 शेअरमागे 7, भाव 60 रुपये, असा राइट्स इश्यू आणला होता. तेव्हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर छापील अर्ज भरावा लागे. 2020 पासून हे हक्क डिमॅट खात्यात जमा होतात आणि शेअर बाजारात विकता येतात. त्या वर्षी रिलायन्सच्या 53,124 कोटींच्या इश्यूत, दर 15 शेअरमागे 1 आणि भाव 1,257 रुपये, लोकांनी ही सोय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली.

पण आपल्याकडे तुम्ही अर्जही केला नाही आणि हक्कही विकला नाही, तर तो रद्द होतो आणि त्याचे मोल तुम्हाला मिळत नाही. न घेतलेले शेअर जादा मागणी करणाऱ्यांना त्याच स्वस्त भावात जातात. तुमच्यासाठी विकून पैसे पाठवणारा कोणी नसतो.

तेव्हा वडिलांच्या नावावर अजून कागदी प्रमाणपत्रे असतील तर आधी वारसाची नोंद आणि डिमॅट करून घ्या, कारण खातेच नसेल तर हक्क वेळेत हाती येत नाही. बँक खाते, मोबाइल आणि ईमेल डिपॉझिटरीकडे चालू आहेत ना, ते तपासा. इश्यू आला की डिमॅट खात्यात कंपनीच्या नावापुढे ‘आरई’ (राइट्स एन्टायटलमेंट, म्हणजे तुमचा हक्क) अशी वेगळी ओळ दिसते. ती दिसली की लगेच ठरवा, कारण हक्कांची शेअर बाजारातली खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते आणि त्यानंतर मुख्यतः पैसे भरून शेअर घेण्याचा मार्ग उरतो.