गेमिंग कन्सोलची किंमत उतरली किंवा स्लिम मॉडेल आलं की खप खरंच वाढतो का? मी थांबू का?

वाढतो. पण तुमचं ते ‘मी थांबू का’ वाचलं आणि आमचा दादाच डोळ्यांसमोर आला.

जुलै २००९. पहिल्या नोकरीतले पैसे साठवून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीएस-थ्री, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ३, घेतला. दादा महिनाभर सांगत होता, “थांब, उतरेल.” दुकानदार म्हणाला, “वर्षभर काही नवीन येत नाही साहेब,” आणि वर एचडीएमआय केबल फुकट दिली. तिथेच शंका यायला हवी होती; त्या दुकानात पिशवीचेही पैसे लावतात. खोका छातीशी धरून ग्रँट रोडहून संध्याकाळची स्लो पकडली. दादरला कुणाचं तरी कोपर खोक्यात घुसलं. खोका अजून माळ्यावर आहे, खड्ड्यासकट.

१८ ऑगस्टला सोनीने त्याचंच सडपातळ मॉडेल, स्लिम, जाहीर केला. अमेरिकेत ३९९ डॉलरचा भाव थेट २९९. पाच दिवसांनी गणपती. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला प्रसादाबरोबर माझी ही कथा मिळाली. “माझ्यात लिनक्स टाकून त्याचा कॉम्प्युटर करता येतो, स्लिममध्ये नाही,” एवढंच माझ्याकडे उत्तर होतं. टाकलं कधीच नाही, आणि एप्रिल २०१० च्या अपडेटने तीही सोय गेली.

हां, खप. सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत जगभरात दहा लाखांवर स्लिम गेले. माझ्या मते त्यातलं बरंच गिऱ्हाईक दादासारखं दबा धरून बसलेलं होतं. आतली मुख्य चिप, सेल प्रोसेसर, ६५ वरून ४५ नॅनोमीटरवर आली, म्हणजे आणखी बारीक झाली: कमी वीज, कमी उष्णता, बनवायला स्वस्त. म्हणून नवं मॉडेल आणि उतरलेला भाव जोडीने येतात. नुसता भाव पाडून भागत नाही. आपल्या ड्रीमकास्ट कन्सोलचे दर पाडूनही २००१ मध्ये सेगाने त्याचा गाशा गुंडाळलाच. २०११ मध्ये निन्टेन्डोने आपला हातात धरून खेळायचा ३डीएस सहा महिन्यांच्या आत २५ हजार येनवरून १५ हजारांवर आणला, आधी घेतलेल्यांना २० जुने गेम फुकट देऊन गप्प केलं, तरी खपाने खरा जोर वर्षाखेरीस मारिओचे गेम आल्यावर धरला.

आता दादाचं ऐका. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस-फाइव्ह भारतात ४९,९९० रुपयांना आला. मी घेतला. दादा थांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ५४,९९० झाला. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला, तोही ५४,९९० लाच! चिप लहान झाली की भाव उतरणारच, हे गणित या पिढीत बसत नाही. तेव्हा पैसे असतील आणि खेळायचे गेम बाजारात असतील तर घ्या. थांबण्यात शहाणपण आहे, हे आमच्या घरातलं सर्वांत जुनं थोतांड आहे.

खरं सांगायचं तर २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये साडेसात हजारांची सूट लागली होती, ४७,४९० ला मिळत होता. माझ्यापेक्षा अडीच हजारांनी स्वस्त. दादाला मीच फोन करून सांगितलं.

म्हणाला, “अजून उतरेल.”