जठर सावकाश रिकामे होत असेल तर

जठर सावकाश रिकामे होत असल्याचे निदान नुकतेच झाले असेल, तर आधी ताटाकडे पाहा. आपल्या बेळगाव-निपाणी भागातील ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी हे जेवण एरवी उत्तम असले, तरी त्यातील चोथा आणि तेल यांमुळे जठर आणखी सावकाश रिकामे होते. त्याऐवजी गुरगुट्या भात, मुगाचे गाळलेले वरण, पातळ ताक असे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा घ्यावे आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. मधुमेह असल्यास इन्सुलिनची वेळ डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्याच, कारण अन्न उशिरा शोषले गेल्याने साखर अचानक उतरू शकते. माझ्या मते हे पथ्याहूनही तातडीचे आहे. पोटात पाणीही टिकत नसेल, तर घरी थांबू नका.