ब्रेक बॅरल एअर रायफलमध्ये छर्रा वाकडा बसतो का, अन् त्यानंच ग्रुप पसरतो का?

दादा, नळी बदलायचा खर्च आत्ताच करू नका. तुम्ही लिहिलं की मुलाची ब्रेक बॅरल, म्हणजे नळी खाली मोडून छर्रा भरायची एअर रायफल आहे, 4.5 मिलिमीटरची, दहा मीटरवर पाचातले तीन छर्रे एका जागी लागतात अन् दोन भलतीकडे जातात, म्हणजे ग्रुप, भोकांचा झुपका, पसरतो, दुकानदार म्हणतो नळी गेली. अन् यूट्यूबवर अमेरिकेतले लोक वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरतात त्यात गोळी वाकडी बसल्याची तक्रार पाहून तुम्ही विचारून राहिले की आपल्याकडंही तसंच होत असेल का, अन् पुढं मुलासाठी असं घरी भरता येईल का. नळी खरंच गेली असती तर पाचही विखुरले असते ना. तीन एका जागी जातात म्हणजे नळीत दम आहे, प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं होऊन राहिलं आहे ते शोधायचं.

ते घरी भरायचं डोक्यातून काढून टाका. 1959 च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. अन् पुढं मुलगा 50 मीटरला गेला, स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं त्या इव्हेंटकडे, तरी तिथलं पॉइंट टू टू (.22) काडतूस पुन्हा भरायच्या कामाचं नसतंच, त्याचा पेटणारा मसाला पितळेच्या कडेतच भरलेला असतो, एकदा फुटला की संपला. तिकडे भरतात ती सेंटरफायरची, पितळेच्या बुडात वेगळी टोपी बसवलेली काडतुसं. तिथं गोळी वाकडी बसते ती बहुतेक तीन कारणांनी: गोळी दाबणाऱ्या दांड्याचा खळगा गोळीच्या टोकाशी जुळत नाही, पितळेच्या गळ्याची जाडी एका बाजूला जास्त असते, नाहीतर गळ्याची आतली धार घासून मऊ केलेली नसते म्हणून गोळी आत जाताना सोलली जाते. मग ते लोक काडतूस डायल गेजवर फिरवून डगमग मोजतात, इंचाच्या हजाराव्या भागात.

आपल्या छर्र्याला पितळही नाही अन् डाय, म्हणजे गोळी दाबायचा साचाही नाही, ते सगळं काम तुमच्या पोराचा अंगठा करतो. म्हणून मी नवीन पोरांना आधी अंगठाच शिकवते, नेम नंतर. छर्रा पोकळ असतो, डोकं सपाट अन् मागं पातळ घेर, त्याला स्कर्ट म्हणतात. हा स्कर्ट मऊ शिशाचा, डबा एकदा हातातून पडला की कितीतरी छर्र्यांचे घेर चेपून जातात. चेपलेला घेर नळीत सगळीकडून सारखा टेकत नाही, एका बाजूनं हवा निसटते अन् छर्रा तोंडातून निघतानाच कलतो. अन् घेर चांगला असला तरी अंगठा तिरपा दाबला तर डोकं तिरपं शिरतं, नळीतल्या आट्यांनी, म्हणजे आतल्या पिळदार खाचांनी, ते तसंच पकडलं की पुढं सरळ होत नाही. एक छर्रा नळीच्या बुडाशी बरोबर, दुसरा जरासा आत, तिसऱ्याची कड बाहेर राहिलेली, ती नळी बंद करताना चेपते. असं असेल तर ग्रुप पसरणारच हो.

कागदावरची भोकं पाहा बरं. सपाट डोक्याचा छर्रा ताठ टार्गेट कार्डात गोल, कापल्यासारखं भोक पाडतो. भलतीकडे गेलेल्या दोघांचं भोक लांबट किंवा एका बाजूनं फाटलेलं असलं तर छर्रा कलूनच येऊन राहिला आहे. भोकं सगळी गोल असली तर मग पकड, स्क्रू, ह्यांच्याकडे वळा.

आता करायचं काय. छर्रे उजेडात एकेक पाहून चेपलेले वेगळे काढा. मग बॉलपेनच्या टोपणासारखं गुळगुळीत गोल टोकाचं काहीतरी घ्या, प्लास्टिकचं किंवा लाकडाचं, लोखंडाचं बिलकुल नको, अन् प्रत्येक छर्रा त्यानं नळीच्या बुडाच्या पातळीला येईल इतकाच सरळ दाबा. अंगठ्यानं पाच, ह्यानं पाच, आळीपाळीनं, बाकी काहीच बदलायचं नाही. स्कोपला हात लावू नका, लोक इथंच घाई करतात अन् मग कशानं काय झालं ते कळतच नाही. अन् स्प्रिंगची रायफल टेबलावर कडक ठेवून मारू नका, तिचा पिस्टन मागं पुढं धक्का देतो, म्हणून खाली तळहात ठेवून सैल धरायची, तेही प्रत्येक वेळी त्याच जागी.

एक मात्र पोराला पक्कं सांगा, छर्रा भरायला नळी खाली मोडून उघडलेली असताना दुसऱ्या हातानं ती घट्ट धरूनच छर्रा भरायचा. चुकून घोडा दाबला गेला तर नळी झटक्यात बंद होते अन् मधे आलेलं बोट गेलंच समजा.

फरक पडला नाही तर नळीच्या बुडाची वॉशर पाहा, तिथल्या सांध्यावर टिश्यूचा तुकडा ठेवून एक छर्रा मारा, टिश्यू उडाला की हवा गळते. नागपूरच्या मे महिन्यात रबर अन् चामडं दोन्ही वाळतात, इतवारी बाजारात तशा मापाची रिंग मिळून जाईल, जुनी सोबत न्या. तेल मात्र शिवणयंत्राचं किंवा गाडीचं टाकू नका, दाबानं ते आतच पेटतं अन् छर्ऱ्याचा वेग कधी काय तर कधी काय होतो. बिजागरीचा स्क्रू सैल असला तर नळी दर वेळी वेगळ्या जागी बसते, बंद नळी हातानं हलवून पाहिली की लगेच समजतं.

शेवटी नळीचा फैसला. सफाईच्या दांड्यानं एक छर्रा बुडाकडून हळूहळू ढकलून तोंडातून बाहेर काढा, अन् भिंगानं पाहा. आट्यांचे ओरखडे डोक्यावर सगळीकडून सारखे असले तर नळी ठीक आहे, मग डोक्याचं माप बदलून बघा, डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असं लिहिलेलं असतं, एकेका नळीला एकेक मानवतं. ओरखडे एकाच बाजूला खोल असतील तर दुकानदार बरोबर असू शकतो. छर्ऱ्याचा अन् भोकांचा फोटो टाका इथं, पाहून सांगते. अन् छर्रे तोंडात धरायची सवय असेल पोराची तर आजच सोडवा, शिसं आहे ते, खेळून आल्यावर हात साबणानं धुवूनच जेवायला बसवा.