ध्यानात मन अधिकच पळते

प्रश्न : ध्यानाला बसताच मन अधिकच भरकटते. माझी साधना चुकते आहे का?

उत्तर : नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची हीच तक्रार आहे. मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे, असे तो म्हणतो, आणि श्रीकृष्ण ते मान्य करूनच अभ्यास (म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला सराव) व वैराग्य (म्हणजे आसक्ती सोडणे) हे उपाय सांगतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही (१.१२) हीच जोडी येते. अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केला तरच तो दृढ होतो (१.१४), यातला आदर बहुतेक साधक विसरतात. श्वासावर लक्ष असताना उद्याच्या कामाचा विचार आला, तर त्याच्याशी न झगडता, तो आला एवढे ओळखून लक्ष पुन्हा श्वासाकडे वळवावे. वैराग्यासाठी घर सोडावे लागत नाही. कालचा सुखद अनुभव आजही यावा, हा हट्ट मात्र आधी सोडावा.